थंडीतील अंगण सर्व बालकांचे

हिवाळ्यात लहान मुलांना घराबाहेर खेळू द्यावे किंवा नाही, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा केवळ आरोग्याचा मानला जातो. उत्तर युरोपातील नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्क या देशांत मात्र तो बालशिक्षणाचाही प्रश्न ठरला आहे. उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो शहरी नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. तरीही तेथील बालवाड्यांतील मुले, अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांच्या बंड्या अंगात घालून, बर्फात खेळावयास बाहेर पडतात. हवा कधी वाईट नसते, कपडे तेवढे अयोग्य असतात, अशा आशयाची म्हण त्या प्रदेशात रूढ आहे.

या म्हणीतच एक अडचणही दडलेली आहे. ज्याच्यापाशी योग्य कपडे नाहीत, किंवा ज्याला स्वतःच्या पायांनी चालता येत नाही, अशा बालकाने काय करावे? इतर मुले अंगणात बागडत असताना खिडकीपाशी बसून राहणारे मूल थंडीपासून सुरक्षित राहते, पण सवंगड्यांना मात्र पारखे होते. म्हणूनच निसर्गातील खेळ सर्वांसाठी खुला करणे हा सद्‌भावनेपेक्षा व्यवस्थेचा प्रश्न आहे.

निसर्ग हीच शाळा

डेन्मार्कमध्ये एला फ्लाताऊ यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी मुलांना रोज रानात नेणारी बालवाडी सुरू केली. स्वीडनमध्ये १९५७ साली योस्ता फ्रूम यांनी मुलांना वनाची ओळख करून देण्यासाठी ‘स्कूग्समुल्ले’ हे काल्पनिक पात्र निर्माण केले. त्याच विचारातून १९८५ मध्ये स्टॉकहोमनजीक लिडिंग्यो येथे वर्षभर उघड्यावर चालणारी बालवाडी निघाली. उंचसखल जमिनीवर चालताना मुलाला तोल सावरता येऊ लागतो. काटक्या, दगड व बर्फ यांतून त्याची कल्पना व भाषा फुलते. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि कोंदट खोलीतील दाटीत ते विषाणू अधिक सहजपणे पसरतात, हेही येथे ध्यानी घेतले पाहिजे.

कपड्यांची सोय

थंडीत मुलांना एकावर एक असे तीन थर घालतात. अंगालगत लोकरीचा, मध्ये ऊब धरून ठेवणारा आणि वर वारा व पाणी अडविणारा. भिजलेले सुती कापड अंगातील उष्णता झपाट्याने शोषून घेते, म्हणून ते आतून घालणे टाळतात. बालवाडीत ओले कपडे वाळविण्यासाठी उबदार कपाटे असतात.

हे सारे कपडे व साहित्य खर्चिक असते. यावर स्वीडनने एक सोपा मार्ग काढला. २०१३ मध्ये वेर्मलांड प्रांतातील देये या गावी ‘फ्रितिद्सबांकेन’ ही उसनवारीची पेढी सुरू झाली. लोकांनी दिलेले बर्फावरील खेळांचे जुने साहित्य तेथून कोणालाही १४ दिवसांसाठी विनामूल्य नेता येते. कोणाकडूनही उत्पन्नाचा दाखला मागितला जात नाही, त्यामुळे घेणाऱ्याला संकोच वाटत नाही. नॉर्वेत २०१५ पासून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांकडून बालवाडीचे शुल्क उत्पन्नाच्या ६ टक्क्यांहून अधिक घेता येत नाही.

दिव्यांग बालकांची काळजी

चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मुलाची हालचाल कमी असल्याने त्याच्या शरीरात ऊब कमी निर्माण होते. त्याला अधिक पांघरूण लागते. ज्याच्या पायांना संवेदना नाही, ते मूल पाय गारठल्याचे सांगू शकत नाही. त्याचे पाय वडीलधाऱ्यांनी मधूनमधून तपासावे लागतात. बर्फात खुर्चीची चाके रुततात, म्हणून वाट दाबून घट्ट करणे किंवा मुलाला घसरगाडीतून ओढून नेणे श्रेयस्कर. बर्फ टोपलीत भरून खुर्चीच्या उंचीच्या मेजावर ठेवला, तर तेही मूल सर्वांसमवेत किल्ला रचू शकते. स्वमग्न मुलाला लोकर टोचत असल्यास आतून मऊ कपडा द्यावा, आणि बाहेर जाण्याचा क्रम त्याला चित्रांतून आधी दाखवावा.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने खेळ हा बालकाचा हक्क मानला, तर २००६ च्या दिव्यांगहक्क संहितेने त्यात दिव्यांग बालकांना समान वाटा दिला. भारताने दोन्ही संहिता स्वीकारल्या आहेत.

महाराष्ट्राचा वारसा

मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने त्याच्याकडे जावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे वस्तीतील अंगणातच बालशिक्षण नेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालविल्या. अंगणवाडी हे नावच त्या अंगणाची आठवण देणारे आहे.

आपला हिवाळा त्या मानाने सौम्य असला, तरी निफाडच्या परिसरात काही वर्षी पारा ५ अंशांखाली उतरतो. पुरेसे कपडे नसलेल्या बालकाला ती थंडीही कडकच असते. अशा ठिकाणी बाहेरच्या खेळाची वेळ ऊन चढल्यावर ठेवता येईल. गावातील मोठ्या झालेल्या मुलांचे स्वेटर, कानटोप्या व मोजे गोळा करून अंगणवाडीतच त्यांचा साठा ठेवता येईल, आणि उंबऱ्यापाशी लहानसा उतार बांधून चाकाच्या खुर्चीची वाट मोकळी करता येईल. यासाठी फार मोठा निधी लागत नाही. लागते ती एवढीच दक्षता, की अंगणात मुले मोजताना आत कोण राहिले, हेही पाहिले जावे.