गाडी 'मिसिंग' का करते? निदान शिकवणारा एक परिसर पाठ



'निदान' आणि 'उपचारात्मक अध्यापन' हे शब्द आपण डी.एड.ला पाठ केले. पण निदान म्हणजे नक्की काय, हे मुलांना दाखवायचं असेल तर जुन्या गाडीइतकं सोपं साधन नाही. बारामती-इंदापूर भागात आजही एखाद्या दारात जुनी मारुती ८०० उभी दिसते. १९८३ ला आलेली ही गाडी २०१४ पर्यंत बनत होती. तिच्या जुन्या कार्बोरेटरच्या मॉडेलवर हा पाठ घेऊया.

इयत्ता : पाचवी ते सातवी
वेळ : दोन तासिका
साहित्य : खडू-फळा, जुने स्पार्क प्लग (गॅरेजवाले सहज देतात)

१) आधी गणित

या इंजिनाला तीन सिलिंडर आहेत. इंजिन दोन फेरे फिरलं की प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. समजा गाडी उभी आहे आणि इंजिन मिनिटाला ९०० फेरे फिरतंय. मग एक सिलिंडर मिनिटाला ४५० वेळा पेटेल आणि तिन्ही मिळून १३५० वेळा. एक सिलिंडर बंद पडला तर उरले ९०० धक्के, आणि तेही एकसारख्या अंतराने नाहीत. म्हणूनच गाडी स्लोवर थरथरते. मुलांना टाळ्या वाजवायला सांगा : एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. मग 'दोन'ची टाळी गाळा. मिसिंग म्हणजे काय ते लगेच कळतं.

२) पेटायला काय लागतं?

योग्य प्रमाणात हवा-पेट्रोल, पुरेसा दाब आणि वेळेवर ठिणगी. फळ्यावर तीन रकाने करा. पुढचं प्रत्येक कारण यातल्या एका रकान्यात बसतं.

३) हात लावण्याआधी प्रश्न

- मिसिंग ठरावीक तालात आहे की कसंही?
- फक्त स्लोवर आहे की चढावर, लोड आल्यावर?
- थंड असताना, गरम झाल्यावर की पावसात?

ताल ठरावीक असेल तर बहुधा एकच सिलिंडर आजारी असतो. मग त्याच्या एकट्याच्या वस्तू बघायच्या : प्लग, प्लगची वायर, व्हॉल्व्ह. मिसिंग कसंही होत असेल तर तिघांची सामाईक वस्तू बघायची : कार्बोरेटर, एअर फिल्टर, कॉइल, डिस्ट्रिब्युटरची टोपी. फक्त स्लोवर त्रास असेल तर स्लो जेटमधला कचरा किंवा फाटक्या व्हॅक्युम पाईपमधून ओढली जाणारी जादा हवा. पावसाळी सकाळीच त्रास असेल तर तडकलेली वायर किंवा ओल धरलेली टोपी. 'सामाईक की एकट्याचं?' हा प्रश्न म्हणजे पाठाचा गाभा आहे.

४) आजारी सिलिंडर कसा सापडतो?

मेकॅनिक इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढतो, ती सुरक्षितपणे अर्थ करतो आणि गाडी पुन्हा चालू करतो. आवाज आणखी बिघडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर आजारी तोच! हे वर्गात आधी सांगू नका, मुलांना अंदाज करू द्या. बहुतेक मुलं उलटं उत्तर देतात आणि मग छान वाद होतो.

आता समजा दुसरा सिलिंडर सापडला. त्याचा प्लग काढून तिसऱ्यात घाला, तिसऱ्याचा दुसऱ्यात. दोष प्लगबरोबर तिसऱ्यात गेला तर प्लग खराब. दुसऱ्यातच राहिला तर प्लग निर्दोष, मग वायरची पाळी. शेवटी कॉम्प्रेशन मोजायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिन्ही प्लग, वायर आणि कार्बोरेटरचं किट एकदमच बदललं तर गाडी सुधारेलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि घरच्यांचे पैसे मात्र जातील.

५) प्लग वाचूया

फिकट तपकिरी : ठीक. सुकी काळी काजळी : पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पेट्रोलने ओला : ठिणगीच नाही. ऑइलने ओला : रिंग किंवा व्हॉल्व्हकडे बघा. पांढराफटक : पेट्रोल कमी किंवा इंजिन जास्त तापतंय.

६) 'पेट्रोलच खराब' म्हणण्याआधी

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर हा आपला साखरपट्टा. उसापासून इथेनॉल बनतं हे मुलांना माहीत असतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याच्यात स्वतःचाच ऑक्सिजन असल्याने जुन्या सेटिंगच्या कार्बोरेटरला मिश्रण थोडं पातळ पडतं. ते पाणी शोषतं आणि जुन्या रबरी भागांनाही त्रास देऊ शकतं. पण पेट्रोल तिन्ही सिलिंडरचं एकच! मग मिसिंग एकाच सिलिंडरमध्ये असेल तर दोष पेट्रोलचा असेल का? हा प्रश्न मुलांना सोडवू द्या.

सुरक्षितता : प्लगच्या वायरमध्ये हजारो व्होल्ट असतात. चालू इंजिनला मुलांनी हात लावायचा नाही, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. प्रत्यक्ष चाचणी मेकॅनिकच करेल, मुलं लांबून ऐकतील आणि नोंदी करतील. पालकहो, मिसिंग करणारी गाडी तशीच पळवू नका. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकतं.

७) हेच आपल्या वर्गात

एक मूल ५२ − २७ = ३५ लिहितं. आपण काय करतो? वजाबाकीचा अख्खा धडा पुन्हा घेतो, म्हणजे सगळे पार्ट एकदम बदलतो. त्याऐवजी ५७ − २२ देऊन बघा. ते बरोबर आलं तर वजाबाकी येते, दशक सुटा करणं तेवढं अडतंय. मग काठ्यांचा एक गठ्ठा सोडून दाखवायला दहा मिनिटं पुरतात. तीच चूक सगळ्या वर्गाची असेल तर सामाईक वस्तू तपासायची, म्हणजे आपली शिकवण्याची पद्धत.

घरचा अभ्यास (पालकांसोबत) : घरातली एक बिघडलेली वस्तू घ्या, म्हणजे बंद टॉर्च किंवा सायकलचा खडखडाट. तीन संभाव्य कारणं लिहा, फुकटात तपासता येईल ते आधी तपासा आणि प्रत्येक तपासणीनंतर काय कळलं ते एका ओळीत लिहा. विजेच्या बोर्डाला मात्र हात नको.

आपल्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांचे अंदाज नक्की कळवा.