चार महिन्यांचा पहारा, बारा महिन्यांचे वन

उत्तराखंडमध्ये १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो. या काळात वनविभाग जंगलालगतच्या गावांतील माणसांना हंगामी पहाऱ्यासाठी नेमतो. त्यांना तेथे 'फायर वॉचर' म्हणतात. जाळरेषा स्वच्छ ठेवणे, पायवाटांवर साचलेली चीड वृक्षाची वाळकी पाने, म्हणजेच पिरूल, बाजूला सारणे, टेहळणी करणे आणि आग लागल्यास हिरव्या फांद्यांनी झोडपून ती विझवणे, ही त्यांची कामे. पावसाळा सुरू झाला की त्यांचा रोजगारही संपतो.

या श्रमाचे मूल्यमापन ही अर्थशास्त्रापुढील एक अडचण आहे. बांधलेला रस्ता मोजता येतो. न लागलेला वणवा मोजता येत नाही. परिणामी पहाऱ्याची मजुरी खर्चाच्या रकान्यात दिसते. पण त्यामुळे टिकलेले झरे, चारा आणि माती यांची नोंद जमेच्या बाजूला होत नाही.

देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीच्या सूचना देते. ही सोय निश्चितच मोलाची आहे. तथापि, आगीपर्यंत पोहोचण्यासाठी चढण माणसालाच चढावी लागते. दुपारी वारा कोणत्या घळीतून वर चढतो, माघार घेण्यास कोणती वाट सुरक्षित आहे, हे ज्ञान अनेक हंगामांच्या अनुभवातून येते. दर जूनमध्ये रोजगार तुटला आणि अनुभवी माणूस कामासाठी मैदानी प्रदेशात गेला, तर हे मानवी भांडवलही त्याच्याबरोबर जाते.

याची किंमत केवळ पैशांत मोजावी लागत नाही. १३ जून २०२४ रोजी, हंगाम संपण्यास दोनच दिवस उरले असताना, अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात वणवा विझवण्यासाठी गेलेल्या पथकातील चौघांचा होरपळून मृत्यू झाला. मृतांत नियमित वनरक्षकाबरोबर हंगामी पहारेकरीही होता. ज्वालांनी कायम आणि हंगामी असा भेद केला नाही.

पहाऱ्याला बारमाही उपजीविकेची जोड देता येते, हे केरळमधील पेरियारच्या अनुभवावरून दिसते. तेथे पूर्वी जंगलातील झाडांची साल चोरून विकणाऱ्यांची १९९८ मध्ये पर्यावरण विकास समिती स्थापन झाली. पर्यटकांना जंगलवाटांवर नेणे आणि गस्त घालणे ही कामे त्यांच्याकडे आली. जंगलाची खडान्‌खडा माहिती हेच त्यांचे भांडवल ठरले. पुढे २००६ च्या कायदादुरुस्तीने व्याघ्रप्रकल्पांसाठी संवर्धन प्रतिष्ठाने स्थापण्याची तरतूद केली.

पेरियारएवढे पर्यटक प्रत्येक जंगलात येणार नाहीत, हे खरे. परंतु पिरूलसंकलन, पायवाटांची दुरुस्ती आणि झऱ्यांचे संवर्धन ही कामे हंगामाबाहेर त्याच माणसांना देता येतील. त्याला प्रशिक्षण, अग्निरोधक पोशाख आणि विमा यांची जोड हवी. वनाचे रक्षण हंगामी नाही. ते करणाऱ्याची सुरक्षितताही हंगामी असता कामा नये.