रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या मुलीला काय हवं असतं

१. जूनची तयारी शिमग्यापासून करावी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर चढतात, खलाशी बाप घरी बसतो. आईची कोळंबी सोलायची मजुरी वजनावर, म्हणून तीही थांबते. शाळा उघडते ती याच जूनमध्ये. मालकाकडून उचल घेतली की पुढचा हंगाम ती फेडण्यात जातो आणि काटकसर सुरू होते ती मुलीच्या वह्यांपासून. माझी आई मोसम चालू असतानाच वह्या घेऊन तांदळाच्या डब्यामागे ठेवायची. आज वस्तीतल्या प्रत्येक आईला मी हेच सांगते.

२. मुलीला घरात आडोसा द्या. मला बंगला नको होता, आतून कडी लावता येईल असं दार हवं होतं. आमची खोली एकच, आणि मी थोरली. धाकट्याला मांडीवर घेऊनच पाढे पाठ व्हायचे. दहावीच्या वर्षी आईने दोरीवर जुनं लुगडं टाकलं. शेजारीण म्हणाली, “काय गो, पोरीला राजवाडा बांधलास?” आई म्हणाली, “तिचा अभ्यास हाय.” त्या लुगड्याआड मी पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी लिहिलं.

३. हाताला कोळंबीचा वास येतो म्हणून बाकावरची मुलगी सरकून बसली, तरी हात लपवू नये. त्याच हातांवर घर चालतं.

४. आपल्यासारख्या घराचं पुस्तक शोधावं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं; इतकं जुनं वाचनालय गावात असून आमच्या गल्लीतली मुलगी तिथे सहसा जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मला सापडलेलं असं पुस्तक म्हणजे ऊर्मिला पवारांचं आत्मकथन ‘आयदान’; ते २००३ साली आलं. त्या याच जिल्ह्यातल्या. वडील लवकर गेले, आईने बांबूची आयदानं विणून, विकून घर चालवलं. त्यांच्या वाट्याला आलेली जातीची झळ मला सोसावी लागली नाही, ते दुःख माझं म्हणता येणार नाही. पण सतत कामात असलेली, मायेचं बोलायला फुरसत नसलेली आई मी लगेच ओळखली. अशा आईवर पुस्तक होऊ शकतं, हे कळल्यावर मी आईला प्रश्न विचारायला लागले.

५. आईच्या ‘नको’चं कारण विचारावं. संध्याकाळच्या क्लासला ती नको म्हणाली. खर्चामुळे असेल, असं मला वाटलं. खोदून विचारल्यावर कळलं, तिला जेटीकडच्या काळोख्या रस्त्याची भीती होती. मग गल्लीतल्या आम्ही तिघी मिळून जायला लागलो.