गहाण घर आणि नोटिशीचे साठ दिवस

आमच्या बाजारातील एक जुने अडत्ये, वयाने माझ्याहून थोडे धाकटे, एका सायंकाळी पेढीवर आले आणि कोटाच्या आतील खिशातून एक पाकीट काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले. बँकेचे रजिस्टर पत्र होते. पाकीट फोडलेले होते, पण आतील कागद शेवटपर्यंत वाचलेला नव्हता. तीन महिने ते त्यांनी गादीखाली दडवून ठेवले होते. घरी कोणास वार्ता नव्हती. पुढे घराच्या दारावर ताब्याची नोटीस चिकटली, वर्तमानपत्रांत छापून आली, आणि मग लपविण्यासारखे काही उरले नाही.

त्या निमित्ताने वकिलांकडून जे ऐकले व स्वतः वाचून जे उमगले, ते व्यापारी बंधूंपुढे मांडीत आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला धान्याचा व्यापारी. कायद्याचा पंडित नव्हे. ज्याचे त्याने आपल्या वकिलाचा सल्ला घ्यावाच.

गहाणाविषयी आपल्या लोकांत एक जुनी समजूत आहे की, मुदत टळली म्हणजे घर गेले. पूर्वीच्या गहाण-लहान दस्तांत तशी अटच असे. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ६० व्या कलमाने ऋणकोला रक्कम भरून गहाण सोडविण्याचा हक्क दिला असून, दस्तातील नुसत्या शब्दांनी तो हिरावून घेता येत नाही. ज्यांचे आजे-पणजे सावकारी करीत, त्यांना ही गोष्ट उलट्या बाजूने ठाऊक असेल. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले आणि त्यानंतर १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा आला. त्या वेळी कागदाच्या मागचा खरा व्यवहार पाहा, असे कायदा न्यायाधीशास सांगत होता. आज बँकेपुढे आपण ऋणको म्हणून उभे आहोत.

बँकेच्या तारणाला मात्र २००२ चा निराळा कायदा लागू आहे. सरफेसी या नावाने तो ओळखला जातो. तारण विकण्यासाठी बँकेला दिवाणी दावा लावावा लागत नाही, हे त्याचे मर्म. सहकारी बँकांनाही तो लागू आहे की नाही, हा वाद कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला आणि २०२० साली निर्णय झाला की, लागू आहे. आपले बहुतेकांचे खाते अशाच बँकांत असते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. पतसंस्थांची वसुली मात्र राज्याच्या सहकारी कायद्याने चालते.

आता मुख्य गोष्ट. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरू शकते. त्यानंतर बँक जी मागणीची नोटीस देते, तिची मुदत ६० दिवसांची. हे दिवस नुसते पैसे जमविण्यासाठी नसतात. ऋणकोला लेखी हरकत घेता येते, आणि ती मान्य नसेल तर तिची कारणे बँकेने १५ दिवसांत कळविली पाहिजेत. आमच्या स्नेह्यांनी भरलेली एक रक्कम खात्यात जमा दिसत नव्हती. पावती त्यांच्या कपाटात होती! एक पत्र लिहिले असते तर हिशेब तेव्हाच सुधारला असता. त्यांनी लिहिले नाही, कारण लाज वाटली. व्यापारात पत हीच पुंजी, हे आपण लहानपणापासून ऐकतो; त्यामुळे पत गेल्याचा कागद हाती आला की तो आपण आपल्यापासूनच लपवितो.

नोटीस हाती पडल्यावर घर बायकोच्या वा मुलाच्या नावे करून टाकण्याची बुद्धी काहींना होते. बँकेच्या लेखी संमतीवाचून तारणाची विक्री वा अन्य हस्तांतर करण्यास हाच कायदा मनाई करतो. त्या मार्गाने जाऊ नये.

साठ दिवस संपले व बँकेने ताब्याची कारवाई केली, तर ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत अर्ज करता येतो. पूर्वी त्यासाठी मागणीच्या पाऊणपट रक्कम आधी भरावी लागे. ती अट सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली रद्द केली. आमच्या स्नेह्यांच्या हाती तेव्हा बारा दिवस उरले होते. अर्ज झाला, पावती पुढे आली, रकमेचा घोळ मिटला. तरी कर्ज होतेच. ते फेडण्यासाठी त्यांनी आपली तारणमुक्त वखार विकली. वखारीचे त्यांना फार दुःख झाले. वडिलांनी बांधलेली होती.

वखारीचा सौदा लवकर झाला हे नशीब. कारण २०१६ च्या दुरुस्तीनंतर संपूर्ण देणे भरून घर सोडविण्याचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही तसेच ठरविले. लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन धावणाऱ्याला आता उशीर झालेला असतो.

गहाण नसलेल्या साध्या देण्याची गोष्ट वेगळी. दिवाणी हुकूमनाम्याच्या जप्तीतून १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि हिशेबाच्या वह्यासुद्धा वगळल्या आहेत. शेतकऱ्याचे घरही वगळले आहे. व्यापाऱ्याच्या राहत्या घराला आपल्या भागात तशी सरसकट सूट नाही. जवळ खरोखर काही नसणाऱ्या ऋणकोला केवळ देणे फिटत नाही म्हणून तुरुंगात धाडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितले आहे. नादारीचा अर्ज १९२० च्या प्रांतिक कायद्याखाली जिल्हा न्यायालयात करता येतो. नादार ठरल्यावर साध्या धनकोला न्यायालयाच्या परवानगीवाचून कारवाई करता येत नाही. पण तारण असलेल्या बँकेचा हात त्याने थांबत नाही. पूर्वी दिवसाढवळ्या पेढीवर दिवा लावून दिवाळे जाहीर करीत, असे सांगतात. त्याहून हा मार्ग खचित बरा.

राहिला जामीनदार. अडत्यांच्या पत्नीची सही त्या कर्जावर जामीनदार म्हणून होती, आणि त्यांना हे प्रथम कळले ते दारावरच्या कागदावरून. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. बँक थेट त्याच्याकडे येऊ शकते. मात्र जामीनदाराने सर्व देणे फेडले, तर बँकेचे ऋणकोविरुद्धचे हक्क त्याच्याकडे येतात आणि बँकेजवळचे तारणही त्याला मागता येते.