विलायती सायकल विकण्यापूर्वी

माणदेशातील जुन्या घरांत, गोठ्याच्या तुळईला टांगलेली किंवा माडीच्या कोपऱ्यात पोत्यांच्या ढिगामागे उभी करून ठेवलेली एखादी काळी, उंच, सळीच्या ब्रेकची सायकल अद्यापही आढळते. आणि वडीलधाऱ्यांच्या पश्चात मिळकतीची वाटणी होताना जमीन, विहिरीतला हिस्सा, तांब्यापितळेची भांडी यांचा कसोशीने निवाडा करणारे वारसदार या सायकलीचा साधा उल्लेखही करीत नाहीत. ती कोणाच्याच वाट्याला येत नाही, म्हणून अखेरीस जो प्रथम गिऱ्हाईक होऊन दारात उभा राहील त्याच्या वाट्याला जाते. आमच्या आटपाडीच्या घरी असेच घडले, आणि त्या प्रकरणाची शहानिशा करताना जे हाती लागले ते, ज्यांच्या माडीवर अशी सायकल आजही धूळ खात असेल त्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून येथे नमूद करीत आहे.

सायकल आमच्या चुलत्यांची, रॅले कंपनीची. त्यांना सारा गाव अण्णा म्हणे. नोकरी शिक्षणखात्यात, आणि फिरती करगणी, दिघंची, खरसुंडी अशी, म्हणजे उन्हाचा कडाका, पांढरी धूळ आणि वाटेवर बाभळीचे काटे. त्यामुळे पंक्चरचे सामान त्यांच्या पिशवीत हजेरीपटाच्या शेजारी कायम असे. रात्री दिव्यावाचून सायकल चालविणे हा त्या काळी गुन्हा होता, आणि अण्णा कायद्याला भिणारे गृहस्थ असल्याने लुकास कंपनीचा रॉकेलचा दिवा त्यांनी अखेरपर्यंत घासूनपुसून ठेवला होता. आमच्या मुलुखाचे एक भाग्य असे की, ज्या अवर्षणाने शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या रडकुंडीस आला त्याच कोरड्या हवेने लोखंड राखले. कोकणातली समवयस्क सायकल गंजून चाळणी व्हावी, तेवढ्या काळात माणदेशातल्या सायकलीचा फार तर रंग विटतो.

अण्णांच्या पश्चात एके दिवशी परगावचा एक व्यापारी जुना माल पाहत दारी आला. त्याने सायकल उजेडात आणवली, सीट दाबून पाहिले, दिव्याचे तोंड उघडून आतली वात पाहिली, आणि मग जणू काही पाहिलेच नाही अशा चेहऱ्याने काकींना म्हणाला, "काकी, ह्यात काय न्हाय बघा, सगळं लोखंडच हाय. पर तुमी एवढं बाहीर काढलंय, तर सीट आन्‌ दिवा तेवढा शोभंला न्हेतो." काकींना वाटले, अडगळीतली अडगळ जाते आहे आणि वर चार पैसे मिळत आहेत. व्यापाऱ्याने खिशातला पाना काढून तेथेच सीट सोडविले. जाताना ओटीवर एका किरकोळ भाजीबाजाराइतके पैसे ठेवले.

तो माणूस चोर नव्हता. कोणतीही वस्तू त्याने न विचारता नेली नाही. परंतु तो जे जाणत होता ते काकी जाणत नव्हत्या, आणि जुन्या वस्तूंच्या व्यापारात सारा नफा या एका तफावतीतच असतो. ते सीट ब्रूक्स कंपनीचे, अखंड कातड्याचे, तांब्याच्या खिळ्यांनी ठोकलेले होते. मूळ सीट आणि मूळ दिवा अंगावर असलेली रॅले ही संग्राहकाच्या लेखी एक वस्तू, आणि त्या दोहोंवाचूनची रॅले ही निराळीच वस्तू. पुढे पुण्याहून एक जाणकार सायकल पाहावयास आले, तेव्हा मागाहून बसविलेले रेक्झिनचे नवे सीट पाहून त्यांनी प्रथम विचारले ते एवढेच : "मूळचे कोठे गेले?"

याउपर सायकल कोणाच्या दृष्टीस पडण्यापूर्वी ती आपण स्वतः ओळखली पाहिजे, असे मी ठरविले. ओळख पटविण्याचे पहिले साधन हँडलखालच्या नळीवरचा पितळी बिल्ला. रॅलेच्या बिल्ल्यावर बगळ्याच्या जातीच्या पक्ष्याचे मुंडके असते, बीएसएच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका, कारण ती कंपनी मूळची बर्मिंगहॅमची बंदुका घडविणारी. रज-व्हिटवर्थचे चिन्ह उघडा तळहात. परंतु बिल्ल्यावर विसंबू नये. असे बिल्ले बाजारात नवे मिळतात, आणि कोणत्याही सांगाड्यावर ठोकता येतात. बिल्ल्याखालची भोके जुनी आहेत की ताजी, कडेचा रंग अभंग आहे की तडकलेला, हे नखाने चाचपून पाहावे. त्याहून विश्वसनीय साक्षीदार म्हणजे पायडलचे दातेरी चक्र. हंबरच्या चक्रात हातापायांनी जोडलेल्या पाच मानवाकृती कोरलेल्या असतात, रॅलेच्या चक्रात त्याच पक्ष्याची मुंडकी, बीएसएच्या चक्रात तिची आद्याक्षरे. बिल्ला एका कंपनीचा आणि चक्र दुसऱ्या कंपनीचे निघाले, तर सायकलीचा मधला इतिहास कोणीतरी लपवीत आहे, किंवा कोणालाच ठाऊक नाही, असे समजावे.

'रॅले' एवढे नाव वाचून तिला विलायती मानणे हीही घाई होय. 1950 नंतरच्या दशकात बंगालमधील आसनसोल येथे सेन-रॅले कंपनीच्या सायकली तयार होऊ लागल्या, आणि मद्रासजवळ अंबत्तूर येथे 1949 साली स्थापन झालेल्या टीआय सायकल्सने हर्क्युलिसचे नाव भारतीय कारखान्यात आणले. या सायकली टिकाऊपणात विलायतीस हार जात नसत, पण संग्राहक मोल देतो ते रॅलेच्या मूळ गावाला, विलायतेतील नॉटिंगहॅमला. म्हणून गावाचे नाव वाचावे : बिल्ल्यावर, पायडलच्या दांड्यावर, चाकाच्या हबवर.

या हबच्या कामी आम्हांला दैवाने हात दिला. व्यापाऱ्याला ग्रीस आणि माती यांच्या थराखाली जे दिसले नव्हते ते, चिंधीने मागचा हब पुसताना दिसू लागले : स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू, आणि पुढे 52 हा आकडा. एडब्ल्यू हा त्या कंपनीचा 1936 पासूनचा तीन गतींचा हब. त्यावर घडणीचे साल व महिना ठोकलेला असतो. अर्थात चाक मागाहूनही बदललेले असू शकते, तेव्हा हबची तारीख ही चाकाची तारीख, सायकलीची नव्हे. रुजुवात करण्यास दुसरा पुरावा हवा होता, आणि तो अण्णांच्या ट्रंकेत निघाला : दुकानदाराची विटकी पावती, तिच्यावर सांगाड्याचा नंबर आणि पत्ता, 'आटपाडी, जिल्हा दक्षिण सातारा'. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. 1948 साली संस्थान विलीन झाले, 1949 पासून आमचा जिल्हा दक्षिण सातारा झाला, आणि 1960 साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. म्हणजे पावतीवरची तारीख पुसली गेली असूनही तो पत्ता स्वतःच काळ सांगत होता, आणि हबवरचा आकडा त्या मर्यादेत बसत होता. सीटच्या नळीच्या वरच्या टोकाशी ठोकलेला नंबर पावतीवरील नंबराशी अक्षरशः जुळला. ज्यांच्या सायकलीवर तेथे नंबर सापडणार नाही त्यांनी ती उलटी करून पायडलच्या आसाभोवतीचे कवच पाहावे.

आता रंगाविषयी. गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यानिमित्त साऱ्या हिंदुस्थानभर पसरलेल्या आमच्या भागातील माणसांना सोन्याचा कस झळाळीवरून ठरत नाही हे कोणी शिकवावे लागत नाही. सायकल विकावयाची म्हटली की मात्र तीच माणसे प्रथम रंगाऱ्याला बोलावितात. मूळचा काळा मुलामा, त्यावरील सोनेरी रेघा आणि नळीवर चिकटविलेली कंपनीची अक्षरे हीच त्या वस्तूची सनद आहे, आणि काचपेपर व थिनर यांनी ती एका दुपारी नष्ट होते. विटका मूळ रंग ताज्या नव्या रंगापेक्षा नेहमीच अधिक मोलाचा. पुसावयाचे ते मऊ फडक्याने आणि थोड्या मशीन ऑइलने. साखळी रॉकेलने धुण्यास हरकत नाही. वाळून कडक झालेल्या कातडी सीटवर हौसेने बसू नये, ते मधोमध तडकते. गावातल्या कारागिराकडून नवे भागही घाईने बसवून घेऊ नयेत : रॅलेने आपल्या पायडलच्या आसाभोवतीच्या कवचाला इंचाला 26 आटे ठेवले होते, इतरत्र ते 24 असत. बाहेरचा कप पान्याच्या जोराने आत दाबला की आटे कापले जातात, आणि मग ते कवच दुरुस्त करणे हे सांगली-मिरजेच्या लेथवाल्याचेही काम राहत नाही.

किमतीचा अदमास घेताना दोन टोके ध्यानात ठेवावीत. खालचे टोक भंगाराचे : अशी सायकल साधारण 18 ते 20 किलो भरते, तेव्हा लोखंडाच्या त्या दिवसाच्या भावाने गुणून येणाऱ्या रकमेखाली कोणी मागितली तर बोलणे तेथेच थांबवावे. वरचे टोक कोणीही कागदावर लिहून देऊ शकत नाही, कारण ते सीट, दिवा, घंटी, साखळीचे झाकण, पंप, मूळ रंग आणि कागदपत्र यांपैकी काय काय शिल्लक आहे यावर चढते-उतरते. जाहिरातींत विक्रेत्याने मागितलेला आकडा हा भाव नव्हे. प्रत्यक्ष व्यवहार कितीला झाला ते विचारावे. पुण्यास कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी उभारलेले सायकलींचे संग्रहालय आहे. विकण्यापूर्वी एकदा तेथे फेरी मारली, तर आपल्या सायकलीवरून काय गळाले आहे ते डोळ्यांनीच कळते.

आणि भाग सुटे विकू नयेत. सुट्या भागांसाठी येणारा गिऱ्हाईक नेमके मोलाचे तेवढे उचलतो. मागे उरलेला सांगाडा मग खरोखरच लोखंड होतो.

व्यवहाराची तजवीज जुन्या रिवाजाने करावी. इसार घेतला तरी सायकल पूर्ण रक्कम मिळाल्याखेरीज दाराबाहेर जाऊ देऊ नये. फोनवरून बोलणारा, स्वतःला लष्करी जवान म्हणविणारा, न पाहताच सौदा पक्का करणारा आणि "पैसे जमा होण्यासाठी हा कोड स्कॅन करा" असे सांगणारा गिऱ्हाईक आमच्याकडेही येऊन गेला. पैसे घेण्यास ना कोड स्कॅन करावा लागतो ना पिन द्यावा लागतो, एवढे ज्याला ठाऊक आहे त्याला असा माणूस लुबाडू शकत नाही. विक्रीची पावती दोन प्रतींत करून, सांगाड्याचा नंबर, रक्कम, तारीख आणि दोन्ही पक्षांच्या सह्या घालून ठेवावी, कारण तीच सायकल पुढे कोठे चोरीच्या मालात निघाली तर पोलिसांपुढे आपल्या बाजूने बोलणारा तो एकच कागद असतो. वारसदार अनेक असतील तर सर्वांची संमती आधी घ्यावी. आमच्याकडे सीटच्या पैशावरून जी धुसफूस झाली ती रकमेच्या मानाने फारच मोठी होती.

आमची सायकल अखेर पुण्याच्या त्याच जाणकारांनी घेतली, हब आणि पावती यांचा मोबदला वेगळा धरून, आणि सीट व दिवा यांची वजावट स्पष्ट सांगून. तेव्हा ज्यांच्या घरी अशी सायकल आहे त्यांनी कोणालाही दाखविण्याआधी नंबरावरचा मळ पुसून तो वहीत उतरवावा, सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, आणि ट्रंकेतले जुने कागद चाळल्यावाचून रद्दीत घालू नयेत.