धुक्यातला बगळा : स्तनांच्या कर्करोगाचा क्ष-किरणांनी शोध

हात मोडला की क्ष-किरणांनी छायाचित्र काढतात आणि त्यात हाड स्वच्छ दिसते. हाडात कॅल्शियम असते, त्याचा अणुअंक २० आहे. मांस, मेद व पाणी ही मुख्यतः हायड्रोजन, कार्बन व ऑक्सिजन यांची बनलेली असून त्यांचे अणुअंक ८ च्या पुढे जात नाहीत. म्हणून हाड किरण अडवते, मांस सोडून देते. स्तनात मात्र हाड नाही. तेथे आहे मेद, दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, तंतुमय ऊती आणि दुर्दैवाने कधी कधी कर्काची गाठ. मऊ पदार्थातून मऊ पदार्थ वेगळा ओळखायचा, हा पदार्थविज्ञानाचा मोठा चिवट प्रश्न आहे. भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच असल्यामुळे तो तुमच्या-आमच्या घरातलाही प्रश्न आहे.

क्ष-किरण पदार्थात दोन प्रमुख रीतींनी अडतात. एक म्हणजे विकिरण. ते इलेक्ट्रॉनांच्या दाटीवर अवलंबून असते आणि ही दाटी सर्व मऊ ऊतींत जवळजवळ सारखीच असते. दुसरी रीत प्रकाशविद्युत परिणामाची. तो स्थूलमानाने अणुअंकाच्या घनाच्या समप्रमाणात आणि किरणांच्या ऊर्जेच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ऊर्जा तिप्पट केली की तो सत्ताविसाव्या हिश्श्यावर येतो! म्हणजे मेद आणि गाठ यांतील फरक पाहायचा असेल तर किरण कमी ऊर्जेचे, डॉक्टरांच्या भाषेत 'मऊ', हवेत.

आकड्यांत पाहू. ऊर्जा ६० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट असताना १ सें.मी. मेदातून १०० पैकी सुमारे ८३ फोटॉन पार होतात आणि तेवढ्याच जाडीच्या गाठीतून सुमारे ८१. हा फरक चित्रात दिसणे कठीण. ऊर्जा २० वर आणली की मेदातून सुमारे ६४ आणि गाठीतून सुमारे ४३ जातात. आता गाठीची सावली ठसठशीत पडते.

बर्लिनचे शल्यविशारद आल्बर्ट सालोमोन यांनी १९१३ मध्ये शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांची क्ष-किरण छायाचित्रे अभ्यासली, तेव्हापासून हा शोध चालू आहे. पण खास यंत्र घडले ते १९६० नंतरच्या दशकात, फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे चार्ल्स ग्रो यांच्या कामातून. त्यांनी नलिकेच्या धनाग्रासाठी नेहमीच्या टंगस्टनऐवजी मॉलिब्डेनम वापरले. यातली युक्ती मला फार आवडते. मॉलिब्डेनमवर इलेक्ट्रॉन आदळले की १७.५ व १९.६ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे त्याचे स्वतःचे खास किरण निघतात, नेमके आपल्याला हवे तसे. त्यांच्याबरोबर इतर ऊर्जांची गर्दीही येतेच. ती गाळायला किरणांच्या वाटेत मॉलिब्डेनमचाच ०.०३ मि.मी. जाडीचा पत्रा ठेवायचा. या धातूचे शोषण २० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला एकदम उसळी घेते, कारण तेथून पुढे त्याच्या अगदी आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन उखडले जाऊ लागतात. त्यामुळे २० च्या वरचे किरण अडतात, खूप खालचे तर अडतातच, आणि १७.५ व १९.६ चे बरेचसे निसटून पुढे जातात. आजच्या पुष्कळ यंत्रांत टंगस्टनचे धनाग्र आणि ऱ्होडियमचा किंवा चांदीचा पत्रा असतो, छायाचित्रही फिल्मऐवजी संगणकावर उमटते, तत्त्व तेच.

मऊ किरणांची किंमतही द्यावी लागते. ते शरीरातच अडतात, बाहेर थोडे पोहोचतात. म्हणून तपासणीच्या वेळी स्तन प्लास्टिकच्या पारदर्शक तबकडीखाली काही सेकंद दाबून धरतात. स्त्रियांना हे त्रासाचे वाटते आणि ते उगाच केले जाते असा समज होतो. तो खोटा आहे. जाडी ६ सें.मी. वरून ४.५ वर आली, तर पार होणारे फोटॉन जवळजवळ अडीचपट होतात. शोषण हे उलट्या चक्रवाढ व्याजासारखे चालते, दर सेंटीमीटरला उरलेल्याचा ठरावीक हिस्सा कापला जातो. म्हणून दीड सेंटीमीटर वाचवल्याचा एवढा लाभ. शिवाय विकिरण घटते, एकमेकांवर आलेल्या ऊती पसरतात आणि चित्र हलत नाही. संपूर्ण तपासणीत शरीराला मिळणारी मात्रा नैसर्गिक प्रारणातून सुमारे दोन महिन्यांत आपोआप मिळते तेवढीच असते.

चित्रात डॉक्टर काय शोधतात? काटेरी कडांची गाठ, ऊतींच्या रेषांची विस्कटलेली ठेवण आणि कॅल्शियमचे अर्ध्या मिलिमीटरहून लहान कण. हे कण पुष्कळदा निरुपद्रवी असतात, पण एके ठिकाणी वेड्यावाकड्या आकारांचा पुंजका दिसला तर संशय घ्यावा लागतो. गाठ हाताला लागण्यापूर्वी कधी कधी एवढीच खूण मिळते.

आता अडचणीची गोष्ट. वर मेदाशी तुलना केली. ग्रंथी व तंतू यांच्या ऊतीतून २० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला १ सें.मी. मधून सुमारे ४५ फोटॉन जातात, कर्काच्या गाठीतून ४३! म्हशीच्या पाठीवरचा बगळा लांबूनही दिसतो, तोच धुक्यात उभा राहिला तर जवळ जाऊनही दिसत नाही. तरुण स्त्रियांच्या स्तनांत ग्रंथी जास्त असतात, म्हणजे धुके दाट असते. त्यामुळे हाताला गाठ लागते आहे आणि मॅमोग्राम मात्र निर्दोष आहे, असे घडू शकते. अशा वेळी 'फोटोत काही नाही' म्हणून घरी बसणे धोक्याचे आहे.

येथे ध्वनी मदतीला येतो. सोनोग्राफीत सुमारे १ कोटी हर्ट्झचे श्राव्यातीत तरंग सोडतात. ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर धरला, तर तरंगलांबी ०.१५ मि.मी. येते, तुम्हीच भागाकार करून पाहा. पाण्याने भरलेल्या गाठीतून प्रतिध्वनी येत नाही, ती काळी दिसते आणि तिच्यामागचा भाग उजळतो. भरीव गाठ तशी दिसत नाही. चाळिशीच्या आतील स्त्रीला गाठ लागली तर बहुधा प्रथम सोनोग्राफीच करतात. गरज पडल्यास चुंबकीय अनुस्पंदनाचे चित्रणही करतात.

अहवालात डॉक्टर ० ते ६ असा 'बायरॅड्स' क्रमांक देतात. ० म्हणजे अजून चित्रे हवीत, १ व २ निर्धोक, ३ बहुधा निर्धोक पण सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. ४ किंवा ५ आला तर सुईने तुकडा काढून तपासायचा, आणि ६ म्हणजे कर्करोग आधीच सिद्ध झालेला. कोणतेही चित्र 'हा कर्करोगच' असे शेवटचे सांगत नाही, ते काम सूक्ष्मदर्शकाचे.

पण सुई नेमकी कोठे घालायची? गाठ फक्त क्ष-किरणांतच दिसत असेल तर नलिका १५ अंश डावीकडे व १५ अंश उजवीकडे नेऊन दोन चित्रे काढतात. एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून समोर धरलेल्या बोटाकडे पाहा, बोट सरकल्यासारखे वाटते. तसेच येथे होते. नलिका पुष्कळ दूर आहे असे मानले, तर ग्राहक पाटीपासून ३ सें.मी. उंचीवरचा कण दोन चित्रांत सुमारे १.६ सें.मी. सरकलेला दिसेल. सरकणे मोजले की उंची मिळाली!

ही यंत्रे महाग आणि ती वाचणारे तज्ज्ञ थोडे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये वेगळाच प्रयोग सुरू केला. सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट केले. एका गटातील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, केवळ हातांनी तपासणी केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यू घटल्याचे दिसले नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांत मात्र या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होते, आणि या छाननीत मॅमोग्राफीचे एकही यंत्र वापरलेले नव्हते.