पहाटेची पहिली तुकडी

पुण्यात येरवड्याला गोल्फचे मैदान आहे. तेथे जमिनीतील अठरा खळग्यांत क्रमाने चेंडू घालावयाचा असतो. भल्या सकाळी निघालेल्या चौघांच्या तुकडीतील प्रत्येकाने दर खळग्यामागे अर्धेच मिनिट व्यर्थ दवडले, तर किती वेळ जाईल? तब्बल 36 मिनिटे! शिवाय मागून येणाऱ्या साऱ्या तुकड्या खोळंबतील. म्हणूनच 2019 च्या नियमांनी हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पाचांवरून तीन मिनिटांवर आणली आणि प्रत्येक फटका 40 सेकंदांत मारावा, असे सुचविले. मुलांनो, खेळताना धांदल नको. परंतु आपली पाळी येताच सिद्ध असावे. कारण जो पुढे असतो, त्याच्या हाती मागच्यांचाही वेळ असतो.